डाव्या हाताचा जिना

पियानोची एक जुनी रचना अकॉर्डियनवर वाजवायची, तर तिची लिहून ठेवलेली मांडणी कुठे मिळेल, एवढीच चौकशी करायला मी त्या दुपारी घराबाहेर पडले होते. हातात ताईच्या कपड्यांची पिशवी होती. कपडे लाँड्रीत टाकायचे, वाद्यांच्या दुकानात विचारायचं आणि भेटीच्या वेळेला रुग्णालयात पोचायचं, असा साधा बेत होता. त्या चौकशीतून पुढे जे घडलं, ते मी फार थोड्या माणसांना सांगितलं आहे. सांगताना माझा आवाज अजूनही आपोआप खाली जातो. पण माझ्या मनात भीतीपेक्षा कृतज्ञताच जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही अर्ध्यावरून उठून जाणार नाही.

मी बालवाडीत अकॉर्डियन वाजवते. मुलं गातात, नाचतात, मध्येच रडतात, मी वाजवत राहते. माझ्या मोठ्या बहिणीला हे वाद्य कधी रुचलं नाही. ताई पियानो शिकवायची. आमच्या बैठकीच्या खोलीतली अर्धी जागा पियानोने अडवलेली आणि उरलेली तिच्या विद्यार्थ्यांनी. माझ्या अकॉर्डियनला ती 'भाता' म्हणायची.

"चिमे, तुझा भाता उचल बघू इथून. इथे माणसं संगीत शिकतायत."

मीही ऐकून घेत नसे. "तू भिंतीकडे तोंड करून वाजवतेस, ताई. मी पोरांच्या तोंडाकडे बघत वाजवते. कोणाला भूक लागलीय, कोणाला शू आलीय, मला सगळं कळतं. तुला कळतं का?"

यावर ती नाक मुरडायची आणि हसू दाबायची. आम्ही दोघी लग्नाच्या वाटेला गेलो नाही. एकमेकींवर कुरकुरत आमचं छान चाललं होतं.

मग तिच्या छातीचं दुखणं निघालं. आधी खोकला, मग ताप, मग एका पहाटे रुग्णवाहिका. बरेच दिवस ती श्वासाच्या यंत्रावर होती. यंत्र काढलं तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण ताई श्वास घ्यायची तो अगदी उथळ, अर्धवट, आपल्यावर उपकार करत असल्यासारखा. व्यायाम घेणाऱ्या बाई रोज येऊन तिच्या उशाशी उभ्या राहायच्या. "आत घ्या... सोडा... आत घ्या..." ताई भिंतीकडे तोंड फिरवून पडून राहायची.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. "त्यांची फुप्फुसं काम करू शकतात," त्या म्हणाल्या. "त्यांची इच्छाच दिसत नाही. असंच चाललं तर पुन्हा यंत्र लावावं लागेल. आणि या खेपेला ते निघेल याची खात्री मी देऊ शकत नाही."

मी आत जाऊन ताईचा हात हातात घेतला. "तुला काय हवंय, ताई? काहीही माग."

भिंतीकडेच बघत ती म्हणाली, "जिना."

हे आमचं घरातलं नाव. एक संथ रचना आहे, ताई रात्रीची भांडी आवरून झाली की वाजवायची. उजव्या हातात अगदी साधी सुरावट, लहान मूलही गुणगुणेल अशी. पण खाली डावा हात सारखा चढत-उतरत असतो, कुणीतरी अनवाणी पायांनी जिना चढून वर जातंय आणि काहीतरी विसरलं म्हणून परत खाली येतंय, असा. मी लहानपणी त्या आवाजावर झोपायचे. पियानो रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर नेणार कोण? आणि ध्वनिमुद्रण तिला नको होतं. फोनवर लावलं की ती हाताने दूर सारायची. "डबाबंद," म्हणायची.

"मी वाजवते," मी म्हटलं.

"भात्यावर?" तिचे डोळे माझ्याकडे वळले. कितीतरी दिवसांनी वळले. "त्यापेक्षा मला सुखाने मरू दे."

तिचे डोळे वळले, हे मी धरून ठेवलं. तेवढ्यावर मी दुकान गाठलं.

अडचण काय होती ते सांगते. अकॉर्डियनला उजवीकडे पियानोसारख्या पट्ट्या असतात, पण डावीकडे फक्त बटणं. एक बटण दाबलं की सुरांचा तयार गठ्ठा एकदम वाजतो. नाचायच्या धुनांना ते फार सोयीचं. पण त्यावर असा जिना चढता येत नाही, थेट गच्चीवर उडी मारावी लागते. दुकानदाराने मला शोधून शोधून एक मांडणी काढून दिली. मी तिथेच त्यांचं वाद्य गळ्यात अडकवून वाजवून पाहिली. धुम् चक् चक्, धुम् चक् चक्.

"जिन्यावरून बादली गडगडतेय," मी म्हटलं.

दुकानदार मनमोकळं हसला. "फोनवर शोधलंत ना? तिथेही बादल्याच आहेत सगळ्या. थांबा, आमच्या काकांना विचारू."

मागच्या खोलीत दुरुस्तीचे काका मेण वितळवत बसले होते. अकॉर्डियनच्या पोटातल्या पितळी जिभा मेणाने बसवतात. त्यांनी वर न बघता माझं सगळं ऐकून घेतलं.

"एकट्याने नाही व्हायचं ते, बाई," ते म्हणाले. "कापड गिरणीतल्या लोकांचा अकॉर्डियनचा वाद्यवृंद होता. नुसती अकॉर्डियनं. पियानोच्या मोठाल्या रचना वाजवायचे ते, आपसांत वाटून घेऊन. एकाकडे उजवा हात, बाकीच्यांनी मिळून डावा. प्रत्येकाने थोड्या थोड्या पायऱ्या सांभाळायच्या. गिरणी गेली, वाद्यवृंद गेला. कागद असतील अजून, गिरणीच्या सभागृहाच्या वरच्या खोलीत. किल्ली तिथल्या राखणदार मावशींकडे."

"पण मी तर एकटीच आहे."

"मग पहिल्याचा कागद वाजवा," काका म्हणाले. "सुरावट तरी खरी मिळेल. बादली नको ना?"

गिरणीचं सभागृह कालव्यापलीकडे होतं. आता तिथे सकाळी बायकांचे व्यायामाचे वर्ग चालतात. दुपारी मात्र सगळं शांत होतं. आभाळ इतकं भरून आलेलं की चार वाजायच्या आतच दिवे लावावेसे वाटत होते. दाराशी स्टुलावर एक वयस्क मावशी मोजे रफू करत बसल्या होत्या. मी ताईचं सांगितलं. त्यांनी सुई मोज्यात खोचली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"न्या, वाजवा आणि परत आणून द्या. माझ्या गुडघ्यांना वर चढणं झेपत नाही, तुम्हीच जा. कपाट उघडंच आहे."

खोली लांबट होती. खिडक्यांना आतून कागद चिकटवलेले, त्यामुळे उजेड ताकासारखा पांढुरका. जुन्या कातड्याचा, मेणाचा आणि बंद लोकरीचा वास. भिंतीच्या फळ्यांवर अकॉर्डियनं ओळीने मांडून ठेवलेली होती. सगळ्यांचे भाते मिटलेले, वर-खाली पट्टे लावलेले. झोपलेल्या मुलांच्या ओळीतून आपण जसे चवड्यांवर चालतो, तशी मी त्यांच्यासमोरून कपाटापर्यंत गेले.

जिना लगेच सापडला. शाईने लिहिलेली सुबक मांडणी, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वादकासाठी वेगळी. मी पहिल्याचे कागद काढून घेतले, बाकीचे परत ठेवले. बाकीच्यांचा मला काय उपयोग होता?

वळले, तेव्हा खिडकीखालचं बाक दिसलं. त्यावर एक अकॉर्डियन आडवं पडलेलं होतं आणि त्याचा भाता उघडा होता. अर्धामुर्धा नाही, हात पुरेल तितका पूर्ण ताणलेला. घड्यांमध्ये धूळ इतकी बसलेली की काळं कापड करडं झालं होतं.

अकॉर्डियन वाजवणाऱ्या कोणालाही असं बघवत नाही. वाजवून झालं की हवेचं बटण दाबायचं, भाता अलगद मिटायचा, पट्टा लावायचा, मगच वाद्य खाली ठेवायचं. हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. उघडा राहिला की भात्याच्या घड्या कायमच्या सैल पडतात. बालवाडीत मी मुलांना म्हणते, चला, आता याला झोपवू या. हात पुढे गेला तो विचार करून नाही. जमिनीवर पडलेला मुलाचा बूट उचलून जागेवर ठेवावा, तसा गेला. मी हवेचं बटण दाबलं आणि भाता मिटू लागले.

हवा बाहेर आली.

अशी हवा येतेच. नुसती, सूर नसलेली, फुस्स करून. पण ही गार नव्हती. माझ्या मनगटावर ती ऊबदार लागली... कोणीतरी तोंड जवळ आणून सोडल्यासारखी. तिला खोकल्याच्या गोळीचा वास होता. मी भाता पूर्ण मिटला, घड्या एकमेकींना टेकल्या, आणि तरीही हवा येत राहिली. लांब, सावकाश, सुटका झाल्यासारखी. मग थांबली.

काय करावं ते कळेना, म्हणून सवयीने पट्टा लावला, वाद्यावरून हात फिरवला आणि तोंडातून निघून गेलं, "झोपा हं आता."

खाली आले. मावशींनी मान वर केली. "कोणाशी बोलत होता?"

"स्वतःशीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मग स्टूल जरासं भिंतीकडे ओढून घेतलं. मला जायला पुरेशी जागा होती. तरी त्यांनी ते ओढलं, आणि मी दारातून गेल्यानंतरही थोडा वेळ तसंच ठेवलं.

त्या दिवशी ताईकडे धावतपळत जाऊन आले. ती झोपेत होती, श्वास तसाच, कागद फडफडावा तसा. संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन मी सरावाला बसले. पहिल्याचा कागद म्हणजे नुसती उजव्या हाताची सुरावट. वाजवायला सोपी. डावा हात मी मोकळाच ठेवला. वाजवताना वाटलं, ही अगदीच उघडी पडली, हिच्या पायाखाली काहीच नाही. ताई म्हणेल, चिमे, घर आहे आणि जिना कुठाय?

दुसऱ्यांदा वाजवताना खालून आवाज आला.

शेजाऱ्यांचा रेडिओ असेल असं वाटलं. फार बारीक होता तो. एक, दोन, तीन, चार सूर वर, मग खाली. मी वाजवत राहिले, कारण त्या आवाजात सुरावट नीट बसत होती. ज्याने अर्धं आयुष्य हे ऐकलंय त्याचे हात आपोआप त्यात बसतात. पानाच्या मध्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, मी जरा रेंगाळले की तोही रेंगाळतो. मी हळू वाजवलं. तोही हळू झाला.

मी थांबले.

खालचा आवाज एक पायरी आणखी चढला... मग थांबला.

वाद्य गळ्यात तसंच ठेवून मी किती वेळ बसून राहिले कोण जाणे. खोलीत पियानो होता, त्याचं झाकण बंद होतं. हवेत खोकल्याच्या गोळीचा वास होता. मी दबक्या आवाजात विचारलं, "कोण... आहे का कोणी?" फक्त माझ्या डाव्या खांद्याशी, जिथे वाद्यवृंदात शेजारचा वादक बसतो तिथे, थोडी ऊब होती.

रात्रभर दिवा लावून पडले. मनाशी ठरवलं, सकाळी जाऊन कागद परत करायचे. ताईला डबाबंद ऐकवू.

सकाळी रुग्णालयातून फोन आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रात्र बरी गेली नाही. आज संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाहीतर यंत्र." पुढे त्यांनी आवाज मऊ केला. "तुम्ही काहीतरी वाजवणार होतात ना? आजच वाजवा."

आता सांगा, मी काय करायचं? मला त्या आवाजाची भीती वाटत होती हे खरंच. पण ताई नसलेल्या घराची जास्त वाटत होती. मी अकॉर्डियन पाठीवर घेतलं आणि निघाले. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती, आणि लोक उभे होते. कोणीच बसलं नाही.

ताईची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. परिचारिकेने दार लोटलं. "हळू हं, शेजारच्या खोलीतल्या आजी झोपल्यात." खिडकीबाहेर तसंच पांढुरकं आभाळ. नळीतून प्राणवायू सूं सूं करत होता. ताईचे ओठ निळसर दिसत होते. मी खुर्ची तिच्या तोंडासमोर ओढली.

"ताई, भाता आणलाय."

पापणी हलली. "बादली... नको."

"बादली नाही. पण नुसता उजवा हात आहे. समजून घे."

मी भाता उघडला आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीला खोलीत फक्त माझेच सूर होते. त्या मोठ्या पांढऱ्या खोलीत ते फार केविलवाणे वाटले. मला रडू आलं. मग डाव्या खांद्याशी ऊब आली... आणि कुणीतरी अनवाणी पायांनी जिना चढू लागलं.

आता तो आवाज बारीक नव्हता. भरलेला, लोकरीसारखा मऊ, खरा अकॉर्डियनचा आवाज होता. एका माणसाचा की अनेकांचा, मला सांगता येणार नाही. मी मान वळवली नाही. वळवायचं धैर्यच नव्हतं. मी ताईकडे बघत राहिले, जशी पोरांकडे बघते.

आणि मला दिसलं. भाता उघडला की तिची छाती वर येत होती. भाता मिटला की खाली जात होती. आधी थोडी, मग जास्त. व्यायामाच्या बाईंना जे इतक्या आठवड्यांत जमलं नव्हतं ते होत होतं. मी भाता मोठा उघडला, तिने मोठा श्वास घेतला. तिच्या ओठांवर रंग येऊ लागला. मग एकदम माझ्या लक्षात आलं. रचना संपत आली होती. शेवटची ओळ, शेवटचा सूर, त्यावर भाता मिटत मिटत जातो. मला थांबावं लागणार होतं.

शेवटचा सूर मी ओढता आला तेवढा ओढला. घड्या एकमेकींना टेकल्या. सूर विरला. ताईची छाती खाली गेली... आणि खालीच राहिली.

ती वर येईना.

"ताई..."

माझ्या डाव्या बाजूला तो अजून थांबला नव्हता. माझ्या एक पायरी मागे होता. भाता उघडल्याचं मला ऐकू आलं, कातडं करकरलं, घड्या सुटल्या, आणि एक सूर वाजला. वरचा. माझ्या कागदावर नसलेला. त्या एका पायरीवर ताईने श्वास घेतला. असा खोल, की खाटेची सळई कुरकुरली. आणि मग ती घेतच राहिली, आपोआप, एकामागून एक.

परिचारिका धावत आली. तिने उशाजवळच्या नाडीच्या पडद्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. "अगं बाई," एवढंच म्हणाली आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला पळाली.

ताईने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, माझ्या डावीकडे बघत म्हणाली, "डावा हात... कोणाचा होता?"

"ताई, तू आता बोलू नकोस."

"चांगला होता," ती म्हणाली. "पण मागे राहतो. त्याला सांग."

माझी ताई परत आली हे मला तेव्हा कळलं. मी तिच्या अंथरुणात डोकं खुपसून रडले.

यंत्र लागलं नाही. ताई रोज थोडी थोडी सुधारत गेली. डॉक्टरीणबाई तिची छाती तपासताना कौतुकाने मान हलवायच्या. मी पहिल्यांदा सवड मिळाली तशी कागद परत करायला निघाले. आभार मानायचे होते, कोणाचे ते मात्र नीट माहीत नव्हतं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग गुडघ्यांवर हात ठेवत उठल्या आणि माझ्याबरोबर वर आल्या. बाकाजवळ येताच त्या थबकल्या.

"हा तुम्ही मिटलात?"

"हो. उघडा पडला होता, म्हणून... चुकलं का माझं?"

त्या बाकावर बसल्या. "बाबांचा आहे हा. मांडण्या तेच लिहायचे आणि चौथ्या जागेवर बसायचे. सरावाच्या मध्येच गेले, याच बाकावर, भाता असा उघडा असताना. वाद्यवृंदात तशी रीतच होती. वाजवता वाजवता कोणी गेलं तर त्याचा भाता मिटायचा नाही. त्याचा श्वास आहे म्हणायचे त्यात. आई जिवंत होती तोवर इथे केरसुणीसुद्धा जपून फिरवायची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला कोणी सांगितलं असतं तर..."

"मलाच सुचलं नाही. बाहेरच्या कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. ते भाता मिटायला जातील कशाला? तुम्ही पडलात वाजवणाऱ्या." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुमच्या ताईंना बरं वाटलं ना? मग झालं. बाबांना रिकामं बसायला कधी आवडलं नाही. फक्त मागे राहायचे. सगळे ओरडायचे त्यांच्यावर, एक पायरी मागे, एक पायरी मागे."

मी ताईचं म्हणणं त्यांना सांगितलं. त्या तोंडावर हात ठेवून हसल्या आणि डोळेही पुसले.

मग आम्ही दोघींनी मिळून पट्टा सोडला. म्हटलं, होता तसा उघडा ठेवू, ज्याचं त्याला परत करू. मी हात जोडून आभार मानले आणि भाता ताणला. तो काहीच जड लागला नाही. बाकावर आडवा ठेवून हात काढला, तर तो आपोआप मिटत आला. पुन्हा ताणला, पुन्हा मिटला. सावकाश, आवाज न करता.

"इतकी वर्षं असा उघडा राहिला," मावशी हळूच म्हणाल्या. "कधी बोटभर मिटला नाही."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. त्यांनी पट्टा लावला. "आता इथे नाहीत ते," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "सांभाळा त्यांना. थंडी सोसत नाही."

ताई घरी आली त्याला आता बरेच महिने झाले. तिचे दोन विद्यार्थीही परत यायला लागले आहेत. दुपारी जेवल्यावर ती तिच्या खोलीत आडवी होते, आणि मी स्वयंपाकघरात काहीतरी करत तिचा श्वास ऐकत बसते. आत... बाहेर. खोल, संथ, भरलेला. इतका छान श्वास ती दुखण्याआधीही घेत नव्हती. प्रत्येक दिवशी त्या आवाजाला मी मनातल्या मनात हात जोडते.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मी अशीच ऐकत बसले होते. चहाचं आधण ठेवलं होतं. आतून श्वास येत होता, आत... बाहेर... आणि मागचं दार उघडून ताई आली. वाळलेल्या कपड्यांचा ढीग हातात घेऊन.

"अगं, तू झोपली होतीस ना?" मी म्हटलं.

ताई काही बोलली नाही. कपडे टेबलावर ठेवले. माझ्यासमोर उभी राहून एक चादर उचलली, टोकं जुळवली. तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याच्यामागे श्वास आत चालला होता... सावकाश, पार तळापर्यंत.

मी तिच्या स्वेटरकडे पाहिलं. बटणांची ओळ जराही हलत नव्हती.

मग आतला श्वास बाहेर पडू लागला, आणि त्याबरोबर ताईचे ओठ उघडले.

"केव्हाची गच्चीवर होते मी," ती म्हणाली. "ऊन छान आहे, चिमे, आणि चहात साखर जरा कमीच..."

आतला श्वास संपला. ताई वाक्याच्या मध्येच थांबली. चेहऱ्यावर अस्वस्थता नाही, काही नाही, नेहमीसारखी जरा नाक मुरडलेली, माझी ताई.

मी दोन कपांत चहा ओतला. आतल्या त्या चौथ्या वादकाचे आभार मानले, अगदी मनापासून. आणि हातात कप तसाच धरून, तो पुढचा श्वास घेईपर्यंत, मीही थांबले.